हिरवी टिकली

शिवकन्या देवकते बालाघाट आर्किटेक्ट असोसिएशनची अध्यक्ष झाली, ती कुणाला हवी होती म्हणून नव्हे, कुणालाच नको नव्हती म्हणून. बीड-गेवराईकडच्या मंडळींना अध्यक्ष आपला पाहिजे होता, केज-अंबाजोगाईकडच्यांना आपला. दोन वर्षं हे गुऱ्हाळ चाललं. शेवटी संस्थेचे संस्थापक रामप्रसाद सर उठले. सत्तरी गाठलेले, अंगात कायम कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि जिल्ह्यातल्या निम्म्या आर्किटेक्टांनी आपल्या पहिल्या पेन्सिली त्यांच्याच ऑफिसात झिजवलेल्या. ते म्हणाले, "शिवकन्या कुठल्याच पंगतीला बसत नाही. तिलाच करा." टाळ्या झाल्या, हार आला, आणि टाइल्स कंपनीने दिलेल्या पुलावावर सगळे तुटून पडले.

असोसिएशन म्हणजे तरी काय होतं? दिवाळीला स्नेहमिलन, वर्षातून एकदा टाइल्सवाल्यांच्या खर्चाने सहल, आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्यावर सकाळी सुविचार यायचे आणि दुपारी 'चांगला फॅब्रिकेटर आहे का कुणाकडे?' बांधकामाची परवानगी कुठे अडली की सगळे एक. ती सुटली की एकमेकांचं गिऱ्हाईक ओढायला मोकळे. शिवकन्याला हे सगळं ठाऊक होतं. वर्षभर खुर्ची सांभाळायची आणि पुढच्याच्या हवाली करायची, एवढाच तिचाही हिशेब होता.

ती मूळची पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यातली. वडील आप्पाराव मेंढरांमागे फिरायचे. थोडं कोरडवाहू रान, त्यात बाजरी नाहीतर तूर. पोरगी मावशीकडे पाटोद्यात राहून शिकली आणि आर्किटेक्चरला औरंगाबादला गेली, तेव्हा आप्पाराव बाजारात भेटेल त्याला सांगायचे, "आमची शिवी घराचे नकाशे काढायला शिकती." ऐकणारा म्हणायचा, "घराला नकाशा कावून लागतो बे? चार भिंती अन् वर माळवद!" मग आप्पारावही हसायचे. त्यांचंही घर तसंच होतं. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर अंथरलेली पांढऱ्या मातीची जड गच्ची.

शिकून ती बीडला आली. आधी रामप्रसाद सरांकडे उमेदवारी केली, मग नगर रोडला स्वतःचं ऑफिस थाटलं. दवाखाने, दुकानांचे गाळे, बंगले अशी कामं येत गेली. बोलणं कमी, पण साइटवर पाय ठेवला की भिंत सरळ आहे की कललेली, तिकडे नजर. गवंडी तिच्यामागे म्हणायचे, "ही बाई ओळंबा डोळ्यात घेऊन फिरती."

अध्यक्ष होऊन सहा महिने होत नाहीत तोच, सप्टेंबरात पावसाने जिल्हा झोडपून काढला. ज्या मुलखात उन्हाळ्यात टँकरमागे घागरी पळतात, तिथे लोक शाळेच्या स्लॅबवर बसून होडीची वाट बघत होते. मांजरा नदी गावांत शिरली, सिंदफणा गावांत शिरली. पाणी ओसरलं तेव्हा रानातली माती खरवडून गेली होती आणि घरांच्या भिंतींवर छातीएवढ्या उंचीला गाळाची रेघ उमटली होती. तलाठी पंचनामे करत फिरत होते. पण पंचनामा पडलेल्या घराचा. जे उभं आहे त्यात राहायचं की नाही, हे कुणी सांगत नव्हतं, आणि गावात प्रश्न तोच होता.

शिवकन्याने ग्रुपवर लिहिलं, "हे आपलं काम आहे. गावोगाव जाऊन घरं तपासू या. कोण येणार?"

ग्रुपवर आले ते नुसते अंगठे. मग उत्तरेश्वरचा फोन आला. हा केजचा आर्किटेक्ट. देह आडवा, आवाज मोठा, आणि केजच्या गटाचा पुढारी. अध्यक्षपद त्यालाच हवं होतं. तो म्हणाला, "मॅडम, फुकटचं काम लोकांना फुकट वाटतं. उद्या काही झालं तर कुणाच्या गळ्यात?"

"आपल्या," शिवकन्या म्हणाली.

"मग येतो," तो म्हणाला. "पण सांगितलं नव्हतं असं म्हणू नका."

तो आला म्हणून केजवाले आले. केजवाले आले म्हणून बीडवाल्यांनाही यावं लागलं. शिवकन्याच्या ऑफिसात सगळे जमले. काय तपासायचं याचे नियम तिनेच केले. चिरा किती रुंद, भिंत ओळंब्यात आहे का, पायाखालची माती वाहून गेली का, स्लॅबला झोळ आलाय का. तपासून झालं की दाराशेजारी रंगाची गोल टिकली काढायची. लाल म्हणजे राहू नका, पिवळी म्हणजे दुरुस्तीनंतर राहा, हिरवी म्हणजे खुशाल राहा. अक्षरओळख नसणाऱ्यालाही कळेल असं.

पहिला आठवडा असा गेला की असोसिएशनला स्वतःचीच ओळख नव्याने पटली. एरवी एकमेकांचे दर पाडणारे दोघेजण एका मोटारसायकलवर चिखल तुडवत जात होते. गुडघे धरून चालणारे रामप्रसाद सरसुद्धा एके दिवशी आले आणि पारावर बसून लोकांना लाल टिकलीचा अर्थ समजावत राहिले. वर्तमानपत्रात फोटो आला. गावात शिरलं की बाया म्हणायच्या, "टिकलीवाले सायब आले." शिवकन्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण शिकलो ते कुणाच्या तरी दारापर्यंत पोचलं.

युसूफ वडगावच्या पुढे, मांजरेच्या काठाला हिवरसांगवी नावाचं गाव आहे. तिथे अंजू गेली. अंजू म्हणजे असोसिएशनमधली सगळ्यात तरुण सभासद. परळीची, वडील वीज केंद्रात नोकरीला. हुशार, आणि कामात चोख. गावाच्या कडेला रुक्मिणीबाई नावाच्या म्हातारीचं माळवदाचं घर होतं. नवरा मागेच गेलेला, मुलगा बंकट शेजारीच पत्र्याच्या दोन खोल्यांत बायकापोरांसह राहायचा. पाणी ओसरल्यापासून रुक्मिणीबाई अंगणात ताडपत्रीखाली झोपत होती. अंजूने सगळ्या बाजूंनी भिंती पाहिल्या. चीर नाही, ओळंबा सरळ, पाया जागेवर. नियमाप्रमाणे सगळं ठीक होतं. तिने हिरवी टिकली काढली.

म्हातारीने पुन्हा पुन्हा विचारलं, "आत ऱ्हाऊ ना मी?"

"राहा आजी. काही होत नाही," अंजू म्हणाली.

त्यानंतर कडक ऊन पडलं. चौथ्या दिवशी भर दुपारी रुक्मिणीबाई आत ज्वारी निवडत बसली होती. मागची भिंत पोटातून फुगली आणि बसली. तिच्याबरोबर माळवदाचा एक कोपरा खाली आला. मातीच्या धुळीतून लोकांनी तिला बाहेर काढलं तेव्हा ती शुद्धीवर होती. मांडीचं हाड मोडलं होतं. आत बांधलेल्या दोन शेळ्या मात्र गेल्या.

बंकटने टिकली काढणाऱ्यांचा नंबर शोधून थेट अध्यक्षांनाच फोन लावला. "तुमच्या हिरव्या टिकलीचं घर पडलं. माय अंबाजोगाईच्या दवाखान्यात हाय. या बघायला," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

शिवकन्या साइटवरून तशीच निघाली. वाटेत तिने अंजूला फोन लावला. पलीकडून नुसता रडण्याचा आवाज. "घरीच थांब, कुणाशी बोलू नकोस, मी बघते," असं सांगून तिने गाडी अंबाजोगाईकडे वळवली. वाटेत रामप्रसाद सरांचाही फोन आला. "दवाखान्यात जाऊ नकोस," ते म्हणाले. "गेलीस म्हणजे चूक कबूल केल्यासारखं होईल. आधी वकिलाला विचारू."

"सर, म्हातारीचा पाय मोडलाय," ती म्हणाली.

"म्हणूनच सांगतोय."

ती गेली. सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात रुक्मिणीबाई उताणी पडली होती, पायाला वजन लटकवलेलं. बंकट कोपऱ्यात उभा होता. त्याने शिवकन्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. तिने आपलं नाव सांगितलं, टिकल्या काढणाऱ्यांची मी अध्यक्ष, म्हणाली. म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत निरखलं.

"ती पोरगी न्हाई आली?"

"नाही. मी आले."

"मी भाईरच झोपत व्हते," रुक्मिणीबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "मला लई भ्या वाटत व्हतं त्या भिंतीचं. पण तुमी शिकलेली माणसं. टिकली लावली, म्हणून गेले आत. न्हाई लावली असती तर न्हाई गेले असते."

नियम, ओळंबा, चिरा, यातलं काहीच तिथे बोलण्यासारखं नव्हतं. "आमचं चुकलं," ती म्हणाली. बंकटने तेवढ्यापुरतं वळून पाहिलं.

तिथून ती हिवरसांगवीला गेली. पडलेल्या भिंतीपाशी वाकून तिने ढिगात हात घातला. वरची माती उन्हाने खडखडीत वाळली होती. वीतभर आत बोटं गेली तर चिखल. मग तिला सगळं दिसलं. पुराचं पाणी दीड हात जाडीच्या भिंतीच्या पोटात मुरलं होतं. बाहेरची कातडी उन्हाने वाळून आकसली, आतला गाभा ओलाच राहिला, दगडाला धरून ठेवणारी मातीच सुटली. आणि डोक्यावर पाणी पिऊन दुप्पट जड झालेलं माळवद. अशी भिंत पुरात पडत नाही. पूर गेल्यावर, ऊन पडल्यावर पडते. बाहेरून ओळंबा लावून ते कळणारच नव्हतं.

अंजूने काही चुकवलं नव्हतं. नियमातच ते नव्हतं. नियम करताना शिवकन्याच्या डोळ्यापुढे कॉलम होते, बीम होते, स्लॅब होता. वीस वर्षं तिने तेच बांधलं होतं. ज्या घरात ती जन्मली त्या जातीचं घर तिला आठवलंच नव्हतं. ती ढिगापाशी तशीच खाली बसली. लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही एक विचित्र पोरकेपण. आपण आपल्याच घरातून केव्हा उठून गेलो, हे आपल्यालाच कळलं नाही, असं काहीसं.

उठून ती गावातून चालत गाडीकडे निघाली, आणि तेव्हा तिला ती दुसरी गोष्ट दिसली. दाराशेजारच्या टिकल्या शेणाने सारवून टाकल्या होत्या. हिरव्या, पिवळ्या, आणि लालसुद्धा. लाल टिकलीच्या एका घरातून चुलीचा धूर निघत होता. दारात एक बाई पोराला न्हाऊ घालत होती.

"ताई, हे घर सोडायला सांगितलं होतं ना?" शिवकन्याने विचारलं.

"तुमचं हिरवं पडतंय," ती बाई पाण्याचा तांब्या न थांबवता म्हणाली, "मग लाल उभं ऱ्हाईल."

दुसऱ्या दिवशी असोसिएशनची बैठक बसली. एरवी सभेला कोरम भरायची मारामार. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. अंजू मागच्या रांगेत मान खाली घालून बसली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या तेवढ्या रिकाम्या होत्या. शिवकन्या आत आली, ते पाहिलं, आणि व्यासपीठावर न जाता अंजूच्या शेजारी जाऊन बसली. सभा तिने तिथूनच चालवली.

रामप्रसाद सरांनी वर्तमानपत्रांसाठी निवेदन तयार करून आणलं होतं. भाषा गुळगुळीत होती. असोसिएशनने केवळ सामाजिक भावनेतून प्राथमिक मार्गदर्शन केले, अंतिम निर्णय घरमालकांचा होता, संबंधित सभासद नवोदित असल्याने तिच्याकडून अनवधानाने त्रुटी राहिली.

"यातलं शेवटचं वाक्य खोटं आहे," शिवकन्या म्हणाली. "टिकली अंजूने काढली, पण नियम माझा होता. तिच्या जागी तुम्ही असता, मी असते, तरी हिरवीच निघाली असती."

"शिवकन्या, भावनेच्या भरात संस्था बुडवू नकोस," सर म्हणाले. "पंचवीस वर्षं लागली मला ही उभी करायला. उद्या पोलीस केस झाली तर तुझ्या एकटीवर नाही, सगळ्यांच्या नावावर."

उत्तरेश्वरही उठला. "मी आधीच म्हणलं होतं. आता तपासणी बंद करा. वकील काय म्हणतो ते बघू, मग पुढचं."

"तपासणी बंद करून चालणार नाही," शिवकन्या म्हणाली. मग तिने भिंतीच्या पोटातल्या चिखलाचं सांगितलं, शेणाने सारवलेल्या लाल टिकल्यांचं सांगितलं. "आपली एक हिरवी खोटी निघाली, म्हणून त्यांनी सगळ्या लाल पुसल्या. त्या घरांत माणसं परत राहायला गेलीत. आपण गप्प बसलो तर पुढची भिंत कुणाच्या तरी लेकरावर पडेल."

बहुतेकांनी नजर जमिनीवर ठेवली. ही माणसं वाईट नव्हती, हे शिवकन्याला कळत होतं. कुणाचा बंगला अर्धा उभा होता, कुणाचं लेकरू शिकायला पुण्यात; बदनामीला कोण भीत नाही? हात वर करून मत घेतलं, आणि तपासणी थांबवावी, निवेदन द्यावं असं ठरलं. उत्तरेश्वरचा हात सगळ्यांत आधी वर गेला होता.

सरांनी मागच्या रांगेत येऊन कागद तिच्यापुढे धरला. अध्यक्षांची सही लागणार होती.

"बहुमत तुमचं आहे, सर. सही माझी आहे," ती म्हणाली. "तपासणी थांबवायचं तुम्ही ठरवलंत, ते मला मान्य. अंजूवर ढकलणारा कागद माझ्या सहीने जाणार नाही. आणि उद्या मी हिवरसांगवीला जाणार. असोसिएशन म्हणून नाही, माझी मी."

उमेदवारीच्या पहिल्या दिवशी सरांनी आपली टी-स्क्वेअर, रेघा आखायची पट्टी, तिला दिली होती. त्यांनी शर्टाची बाही सारखी केली आणि ते बाहेर गेले. शिवकन्याचा जीव तुटला. पण ती त्यांच्यामागे गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली तेव्हा अंजू तिच्या ऑफिसखाली उभी होती. "तू येऊ नकोस," शिवकन्या म्हणाली. "लोक चिडलेत."

"म्हणूनच येते, मॅडम. नाहीतर मला परत कुठल्याच घरात शिरता येणार नाही."

दोघी निघाल्या. केज ओलांडताना मागून एक गाडी हॉर्न देत आली आणि आडवी लागली. उत्तरेश्वर खाली उतरला.

"तुम्ही तर हात वर केला होता," शिवकन्या म्हणाली.

"केला व्हता अन् अजून वरच हाय. तपासणी बंद पायजे हे माझं मत हाय," तो म्हणाला. "पण हिवरसांगवीत माझी चुलत बहीण दिलेली हाय. तुम्ही दोघी बाया एकट्या तिथं जाणार अन् मी केजात बसून चहा पिणार, हे जमत न्हाई. चला."

मारुतीच्या देवळापुढे लोक जमले. बंकट पुढे आला. "आता कावून आल्या? फोटो काढायला?"

"चुकलं ते सांगायला," शिवकन्या म्हणाली. ती पाटोद्याकडचंच बोलू लागली, न ठरवता. "या पोरीनं टिकली काढली, पण तिला नियम मी शिकवला. नियमात माळवदाचं काहीच नव्हतं. मी सोता माळवदाखाली जन्मलेली बाई हाय, अन् मला ते सुचलं न्हाई. तुमच्या मायचा पाय माझ्यामुळं मोडला."

गर्दीतून कुणीतरी शिवी हासडली. उत्तरेश्वर एक पाऊल पुढे झाला. शिवकन्याने हाताने त्याला थांबवलं. मग अंजू बोलली. "आजींनी मला पुन्हा पुन्हा विचारलं. मी म्हणाले, काही होत नाही. ते मला म्हणायला नको होतं. मला माहीत नव्हतं."

बंकट तिच्याकडे बघत राहिला. बहुधा त्याने मनात कुणी मोठी, माजोरी बाई धरली होती. समोर ही काडीसारखी पोरगी.

"मग आता काय म्हणता?" एका म्हाताऱ्याने विचारलं. "कोणतं घर चांगलं हाय?"

"पत्र्याचं, सिमेंटचं परत बघू," शिवकन्या म्हणाली. "माळवदाचं एकबी चांगलं न्हाई. आज न्हाई. भिंत पोटातून वाळायला वेळ लागतो. तवर कुणी आत झोपू नका, बसू नका. वस्तू काढायला जायचं तर एकानं जायचं अन् पटकन भाईर यायचं."

"तुमी झोपाल का हिरव्या टिकलीच्या माळवदात?" बंकटने विचारलं. ते आव्हान होतं.

"न्हाई झोपणार," ती म्हणाली. "मला भ्या वाटतं."

त्या एका शब्दाने काहीतरी सैल झालं. गावाला टिकलीवाल्यांकडून हा शब्द अपेक्षित नव्हता. मघाचाच म्हातारा म्हणाला, "भाईर झोपायचं तर लेकरं घेऊन झोपायचं कुठं? रानात गाळ हाय, साप निघतेत."

तेव्हा उत्तरेश्वरने खिशातून फोन काढला. केजच्या टाइल्सवाल्याला त्याने देवळाच्या पायरीवर उभं राहून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा दम दिला. "हां, सहलीचंच म्हणतोय. सहल बोंबलली समज. ताडपत्र्या पाठव, लोखंडी पाइप पाठव, अन् दोन वेल्डर. न्हाई, उद्या न्हाई. आज."

दिवेलागणीच्या आत शाळेच्या मैदानावर लांबच लांब मांडव उभा राहिला. नकाशा अंजूने जमिनीवर पांढऱ्या फक्कीने आखला. कोणत्या कुटुंबाची कोणती जागा, चुली कुठे, बायकांना आडोसा कुठे. वेल्डरला पाइप धरून द्यायला गावातली माणसं एकेक करत पुढे आली. बंकट आला नाही. तो पडक्या घराच्या ओट्यावर बसून लांबून बघत होता.

सगळी घरं काही रिकामी झाली नाहीत. दोन-तीन बिऱ्हाडं हट्टाने आतच राहिली आणि शिवकन्या रोज जाऊन त्यांच्या विनवण्या करत राहिली. असोसिएशनचं काम थांबलेलंच होतं. पण त्या आठवड्यात एकेक सभासद 'सहज आलो' म्हणत हिवरसांगवीला, मग शेजारच्या गावांना येऊ लागला. आता प्रत्येक माळवदाच्या भिंतीला छोटं भोक पाडून आतली माती हाताने बघायची, असं अंजूने सुरू केलं होतं. ठराव कुणीच बदलला नाही. तो नुसता मागे पडला.

दिवाळीच्या तोंडावर एके सकाळी शिवकन्याला बंकटचा फोन आला. त्या दिवसानंतर तो पहिल्यांदाच बोलत होता. "वरच्या आळीतलं एक माळवद बसलं," तो म्हणाला. "आत कुणी नव्हतं. समदे मांडवात व्हते." ती काही बोलायच्या आत त्याने फोन ठेवला.

याचा अर्थ सगळं गोड झालं असा नाही. बंकटने आईच्या अपघाताची पोलिसांत तक्रार केली होती, ती त्याने मागे घेतली नाही. आणि घ्यावी असं शिवकन्यानेही कधी सुचवलं नाही. तिने आपल्या जबाबात नियम माझा होता, एवढंच सांगितलं. चौकशी अजून चालू आहे, आणि तारखेला ती जाते. काही सभासद असोसिएशन सोडून गेले. रामप्रसाद सर समोरून आले तर मान हलवतात, थांबत नाहीत. त्यांच्या वाढदिवसाला ती दरवर्षीप्रमाणे घरी गेली. सरांच्या पत्नीने चहा दिला. सर आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. हे दुःख तिने कुणापाशी बोलून दाखवलं नाही. तिच्या नवऱ्याने, सोमनाथने, एकदा विचारलं, "एवढं करून काय मिळालं?" तेव्हा ती खरोखरच विचारात पडली आणि म्हणाली, "माहीत नाही. पण त्या कागदावर सही केली असती तर अंजूकडे बघता आलं नसतं."

उन्हाळ्यात रुक्मिणीबाईचं सरकारी घरकुल मंजूर झालं. शिवकन्या हिवरसांगवीला गेली. म्हातारी बंकटच्या दारात खाटेवर बसली होती, काठी शेजारी. पाय जुळला होता, पण आखूड झाला होता. शिवकन्याने सांगितलं की जमीन काळी आहे, ओली झाली की फुगते, पाया नीट घ्यावा लागेल, नाहीतर दर पावसाळ्यात भिंतीला चिरा पडतील. घराचा नकाशा मी काढून देते, उभं राहून बांधूनही घेते.

रुक्मिणीबाईने तिच्या हातावर हात ठेवला.

"बाई, तुमी वाईट न्हाईत," ती म्हणाली. "दवाखान्यात आलात, गावापुढं खरं बोललात. पण तुमी नका काढू. तुमी काढलेल्या घरात मला झोप लागणार न्हाई."

शिवकन्याला वाटलं, काहीतरी समजावून सांगावं. मग वाटलं, काय सांगणार? विश्वास काही नकाशात काढून देता येत नाही, आणि तो न देण्याचा म्हातारीला पुरता हक्क होता.

"मग कुणी काढावा?" तिने विचारलं.

"तो जाड्या हाय ना केजचा, फोनवर वरडणारा. त्याला सांगा."

शिवकन्याला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. तिने तिथूनच उत्तरेश्वरला फोन लावला. रुक्मिणीबाईंचं घर तुम्ही करायचं, असं सांगून तिने काळ्या मातीतला पाया किती खोल जावा, मुरूम कुठला आणावा, मागच्या अंगाला पाणी साचू नये म्हणून काय करावं, ते एकामागून एक सांगायला सुरुवात केली. म्हातारी ऐकत होती. मध्येच तिने सुनेला आवाज दिला, "अगं, बाईला च्या टाक," आणि काठी उचलून, शिवकन्याला बसायला खाटेवर जागा केली.